दुपारची पायरी: एका मांजरीच्या आठवणींचा प्रकरण अभ्यास

परळच्या एका जुन्या चाळीतल्या दोन खोल्यांच्या घरात जून २०११ पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत, म्हणजे १३ वर्षे ८ महिने, पायरी नावाची एक मांजर राहत होती. हे घर माझे आहे. मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते आणि मुलांच्या प्रकरणांच्या नोंदी ठेवणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. स्वतःच्या घराचे प्रकरण मात्र मी यापूर्वी कधी लिहिले नव्हते. ते लिहावेसे वाटले याचे कारण असे की, पायरी गेल्यानंतर चार महिने आमच्या घरात तिच्याविषयी कोणालाही नीट बोलता येत नव्हते आणि या न बोलण्याचा जो अर्थ मी मनाशी लावला होता, तो साफ चुकीचा निघाला. सासूबाई, यजमान आणि मुलगी या तिघांची परवानगी घेऊन हे लिहीत आहे. सासूबाईंनी मजकूर ऐकून दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे.

जिन्याखालची तिसरी

मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते असे म्हणतात. त्या वर्षी चाळीतल्या एका भाटीने तळमजल्यावरच्या जिन्याखाली, मोडक्या सायकलींच्या आडोशाला तीन पिल्ले घातली होती. पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी गटाराचे पाणी उलटे येऊ लागले आणि ती पिल्ले हलवू लागली. दोन तिने नेली. तिसऱ्या पिल्लासाठी ती परत आली नाही, किंवा येऊ शकली नाही, आणि पाणी पहिल्या पायरीला लागले तेव्हा माझ्या यजमानांनी ते भिजलेले पिल्लू उचलून वर आणले. आज कोणी मला विचारले, तर मी हेच सांगते की पिल्ले कोरड्या, सुरक्षित जागी असतील तर लांब उभे राहून काही तास वाट पाहावी, कारण आई बहुतेक वेळा जवळपासच असते आणि तिच्या दुधाला तोड नसते. त्या दिवशी वाट पाहण्यासारखी स्थिती नव्हती. तरीही त्या रात्री जिन्यात एक मांजर बराच वेळ ओरडत होती, हे मला आठवते आणि आठवत राहील.

घरात आंब्याची एक रिकामी लाकडी पेटी होती. तिच्यात गवताचा पेंढा तसाच होता आणि फळीवर काळ्या शाईत ‘पायरी’ असा छाप होता. पिल्लू त्या पेंढ्यात ठेवले आणि नावाचा प्रश्न तिथेच मिटला. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. पिल्लू जिन्याच्या पायरीवर सापडले म्हणून त्याचे हे नाव आहे, असेच ती पुढे कित्येक वर्षे सर्वांना सांगत असे. आणि खरे तर दोन्ही कारणे बरोबरच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला बैलघोडा हॉस्पिटलात नेले. पाटीवरचे नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल असे आहे, पण परळमध्ये आयुष्य गेलेली माणसे त्याला बैलघोडाच म्हणतात. ते एकोणिसाव्या शतकातले आहे. तेव्हा या शहराची ओझी बैल आणि घोडेच ओढत होते. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही १८८६ साली याच आवारात सुरू झाले. पिल्लाचे वजन ४१० ग्रॅम भरले. पुढचे बारीक दात वर आले होते, डोळ्यांतला निळेपणा अजून गेला नव्हता. त्यावरून वय चार-पाच आठवडे असावे, असे डॉक्टरांनी सांगितले. शेपूट वर करण्याआधीच त्यांनी “मुलगी आहे” म्हटले, तेव्हा आमच्या मुलीने “कशावरून?” असे विचारले. त्यांनी न कंटाळता समजावून सांगितले. मांजरीचा भगवा रंग ज्या गुणसूत्रावरून येतो ते ‘एक्स’ गुणसूत्र मादीत दोन असतात आणि नरात एकच, त्यामुळे काळा आणि भगवा हे दोन्ही रंग एकाच अंगावर असलेले मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. पायरीच्या पांढऱ्या अंगावर दोन्ही रंगांचे तुकडे होते.

गाईचे दूध द्यायचे नाही, पिल्लाला माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजायचे नाही, पोटावर बसवूनच पाजायचे, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवायची, आणि दर चार तासांनी पिल्लांसाठीचे दूध ड्रॉपरने द्यायचे, अशा सूचना घेऊन आम्ही घरी आलो. मी आणि यजमान दोघेही नोकरीला, मुलगी शाळेत. सासूबाईंचा मांजर पाळायला विरोध होता, “केस उडतात, मोरीत घाण करते, कोण बघणार?” असे त्या म्हणाल्या होत्या. मात्र सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात घरात त्या एकट्याच असत, म्हणून दुपारी बाराचे आणि चारचे दूध त्यांनीच पाजायचे, असे ठरले. ठरले म्हणजे आम्ही ठरवले. या वाटणीचा उल्लेख मी मुद्दाम इथे करून ठेवते आहे, कारण पुढे १३ वर्षे ती आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात राहिली नाही.

मधल्या वर्षांविषयी थोडक्यात सांगते. लशी वेळेवर झाल्या, सहाव्या महिन्यात नसबंदी झाली. गणपतीच्या दिवसांत लालबाग-परळला ढोल-ताशे सुरू झाले की ती पोटमाळ्यावर जाऊन बसे आणि विसर्जन झाल्याशिवाय दिवसा खाली उतरत नसे. २०१४ मध्ये माझे सासरे गेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मासळी बाजार बंद झाला आणि पायरी अंडे-भात खायला शिकली. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि हाच या प्रकरणाचा मुद्दा आहे.

वही

ऑक्टोबर २०२३ मध्ये मला दिसले की पायरी मोरीतल्या बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकून पाणी पिते आहे, तेही दोन-दोन मिनिटे. तिच्या ट्रेमधल्या वाळूचे गोळेही पूर्वीपेक्षा मोठे झाले होते. आम्ही तिला जवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथे रक्ताची तपासणी न करता लघवीचा जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके दिली गेली आणि त्यात तीन आठवडे गेले. नंतर दुसरीकडे तपासणी झाली तेव्हा रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ घटक, ३.४ निघाले, लघवीचे विशिष्ट गुरुत्व १.०१४ होते, म्हणजे लघवी फार पातळ होती, आणि वजन ४.२ किलोवरून ३.१ वर आले होते. मूत्रपिंडाचा जुनाट विकार, असे निदान झाले.

म्हाताऱ्या मांजरांत हा विकार फार आढळतो आणि तो उशिरा कळतो, याचे कारण त्याच्या स्वभावातच आहे. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की आधी लघवी घट्ट करण्याची ताकद जाते; शरीर पातळ लघवीतून पाणी गमावत राहते आणि मांजर ती तूट पाणी पिऊन भरून काढते. बाहेरून पाहणाऱ्याला मांजर ठणठणीत, फक्त थोडी तहानलेली दिसते. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत सुमारे तीन चतुर्थांश क्षमता संपलेली असते आणि ती परत येत नाही. या विकाराची चार टप्प्यांत वर्गवारी करतात, क्रिएटिनिन २.९ ते ५ या दरम्यान असेल तर तिसरा टप्पा. डॉक्टर “ही तिसरी पायरी” असे म्हणाले आणि यजमानांनी पिंजऱ्यातल्या पायरीकडे पाहिले. जिन्याखालच्या तिघांतली तीही तिसरीच होती.

दिवसाआड १०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट नावाचे सलाईन तिच्या कातडीखाली देणे हे माझे काम झाले. औषधाच्या दुकानातून ५०० मिलिलिटरची बाटली आणायची, ती कोमट पाण्यात ठेवून अंगाला सोसेल इतकी गरम करायची, खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलून २० नंबरची सुई आत घालायची. बाटली टांगायला उंच जागा हवी होती. आमच्या घरात मुलीच्या पाळण्याची कडी अजून तुळईला होती. तिलाच बाटली लावली. सलाईन आत गेले की तिच्या पाठीवर उंटासारखा फुगवटा येई आणि तो हळूहळू एका पुढच्या पायाकडे ओघळून सकाळपर्यंत जिरून जाई. पहिल्या आठवड्यात माझे हात कापत असत. दुसऱ्या महिन्यात ती सुईपेक्षा माझ्या मांडीच्या उबेकडे जास्त लक्ष देऊ लागली, असे मला वाटते.

इथे एक गोष्ट आवर्जून नोंदवते, कारण ती कोणाच्या तरी मांजराचा जीव वाचवू शकेल. शेजारच्या काकूंनी एकदा अत्यंत मायेने पॅरासिटामॉलची अर्धी गोळी चुरून आणली होती, “अंग दुखत असेल बिचारीचं.” मांजराच्या यकृताला हे औषध निरुपद्रवी करता येत नाही, रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटकच निकामी होतो आणि आपल्याला क्षुल्लक वाटणारी मात्रा मांजराचा जीव घेऊ शकते. मी गोळी टाकून दिली आणि काकूंना समजावून सांगितले. त्यांनी नंतर चाळीत चार घरी सांगितले, हे त्यांचे मोठेपण.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मी एक दोनशे पानी वही आणली. रकाने आखले: तारीख, वजन, सलाईन, खाणे, लघवी, उलटी, शेरा. शेवटच्या दिवसापर्यंत तिच्यात २१४ नोंदी झाल्या. डॉक्टर त्या वहीचे कौतुक करत आणि उपचारासाठी ती उपयोगी होती यात शंका नाही. भूक कमी होण्याच्या आधी दोन दिवस वजन उतरते, हे वहीमुळेच आम्हाला कळले आणि औषधे वेळेवर बदलता आली. हा विकार उलटवता येत नाही, फक्त त्याचा वेग कमी करता येतो. तिला १५ महिने मिळाले.

सोन्याचे मांजर

फेब्रुवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात तिने खाणे सोडले. तोंडात फोड आले होते, श्वासाला उग्र वास येत होता, वजन २.२ किलो होते. ती पाण्याच्या भांड्यावर हनुवटी टेकून बसून राही, पण पीत नसे. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन ९ च्या वर होते आणि शरीराचे तापमान ३६ अंशांच्या आसपास उतरले होते. निरोगी मांजराचे ३८ ते ३९ असते. डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले की यापुढे सलाईनने तिला आराम मिळणार नाही, आणि तिला शांतपणे जाऊ देण्याचा पर्याय समोर ठेवला.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितले. त्या वाती वळत होत्या. हातातला कापूस खाली ठेवून त्या म्हणाल्या, “अगं, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं.” लहानपणी आपल्यापैकी अनेकांनी हे ऐकलेले आहे; गोहत्येइतकेच मार्जारहत्येचे पाप मोठे मानणारी ही समजूत आहे आणि सासूबाईंच्या पिढीत ती नुसती म्हण नव्हती. मी म्हटले, “आई, मारत नाही आपण. सोडवतोय.” त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी संमतीच्या कागदावर मी सही केली. आधी गुंगीचे इंजेक्शन दिले, तिची मान माझ्या तळहातावर सैल झाली, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून दिली. सगळे मिळून दहा मिनिटेही लागली नाहीत. मालाडला महानगरपालिकेने २०२३ मध्ये लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली आहे. यजमान आणि मी टॅक्सीने तिला तिकडे घेऊन गेलो. पूर्वी चाळीच्या मागे बदामाच्या झाडाखाली अशा जिवांना जागा असे. तिथे आता गाड्या उभ्या राहतात.

मुलगी तेव्हा पुण्याला वसतिगृहात होती आणि तिची परीक्षा चालू होती. आम्ही तिला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पेपर संपल्यावर सांगितले. हा निर्णय माझा होता आणि तो चुकला. शाळेत पालकांना मी नेमके हेच करू नका म्हणून सांगत असते. ती फोनवर फक्त “मला विचारायला हवं होतंस, आई,” एवढे म्हणाली आणि होळीला घरी आली नाही.

चार महिने

यजमानांनी त्याच रात्री तिच्या वाट्या, ट्रे आणि आंब्याची पेटी पोटमाळ्यावर नेऊन ठेवली. त्यांना ती डोळ्यांसमोर नको होती. मला मात्र सगळे जिथल्या तिथे हवे होते. सासूबाईंनी पायरीचे नाव घेणे बंद केले आणि दुपारी गॅलरीत बसणेही बंद केले. जेवणाची भांडी आवरताना, दिवा लावताना त्या माझ्याकडे पाहत नाहीत असे मला वाटू लागले. मी त्यांचे मौन म्हणजे निवाडा समजले: सुनेने मांजर मारले.

शोकाच्या अभ्यासात एक संकल्पना आहे. ज्या दुःखाला भोवतालचा समाज दुःख म्हणून मान्यता देत नाही, ज्यासाठी सुतक नाही, रजा नाही, भेटायला येणारी माणसे नाहीत, अशा दुःखाचा विचार केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडला आणि पाळीव प्राण्याच्या मृत्यूचे दुःख त्यात येते. मी तिसऱ्या दिवशी शाळेत गेले, तेव्हा कोणाला काय सांगायचे हा प्रश्न पडला होता. ही संकल्पना मला वीस वर्षांपासून माहीत आहे आणि ती आमच्या घराला बरोबर लागू पडते असे मी धरून चालले. पण तिने अर्धेच उत्तर मिळत होते. बाहेरच्यांना आमचे दुःख कळत नव्हते हे खरे, परंतु घरातल्या घरात चौघांना ते सारखेच झाले होते. मग आम्ही एकमेकांशी का बोलू शकत नव्हतो?

त्या काळात मी रोज रात्री वही वाचत असे. कोणत्या तारखेला वजन शंभर ग्रॅमने उतरले होते, तेव्हा औषध बदलले असते तर काय झाले असते, सुरुवातीचे ते तीन आठवडे वाया गेले नसते तर काय झाले असते, हा हिशेब मी पुन्हा पुन्हा मांडत होते. परिणाम असा झाला की डोळे मिटल्यावर मला दिसणारी पायरी ही पाण्याच्या भांड्यावर हनुवटी टेकलेली, हाडे दिसणारी पायरीच असे. १२ वर्षांची धडधाकट मांजर माझ्या आठवणीतून पुसली गेली होती आणि तिच्या जागी २१४ नोंदी बसल्या होत्या.

उलटी वही

जूनमध्ये मुलगी सुट्टीला आली. पाऊस सुरू होण्याआधी गॅलरीला लावायचे प्लॅस्टिक काढायला ती पोटमाळ्यावर चढली आणि आंब्याची पेटी घेऊनच खाली उतरली. पेटीच्या फळ्यांत भगवे आणि पांढरे केस अडकलेले होते. त्या रात्री तिने माझी वही पहिल्यांदा वाचली. वाचून झाल्यावर म्हणाली, “ही आजाराची वही आहे. पायरीची वही कुठाय?”

तिने तीच वही उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पानापासून लिहायला घेतली. तारखांचा रकाना तिने ठेवला नाही, वेळेचा ठेवला. “तारखा कुणालाच आठवत नाहीत, पण ती कधी काय करायची ते प्रत्येकाला माहितीये,” असे तिचे म्हणणे होते. शोकाच्या कामात आठवणींच्या वह्या, पेट्या करायला सांगतात आणि मीही मुलांना ते सांगितले आहे. मात्र दिवसाच्या तासांवर आठवणी मांडायची ही युक्ती मला सुचली नसती.

यजमानांनी लिहिले: पहाटे ४.५०, नळाला पाणी यायच्या आधी पाइपात हवा घरघरते, तो आवाज ऐकून ती मला उठवायची. गजर मी कित्येक वर्षे लावलाच नाही. मुलीने लिहिले: रात्री ९ ते ११, पुस्तकाच्या ज्या पानावर दिवा पडेल त्याच पानावर ती बसायची; दहावीच्या भूगोलात नकाशाच्या पानावर तिच्या पंजाचा ठसा आहे. मी लिहिले: संध्याकाळी ६.३०, दुसऱ्या मजल्यावर माझी चप्पल वाजली की ती कठड्यावर येऊन उभी राहायची, दुसऱ्या कोणाच्या चपलेला येत नसे. दोन दिवसांत पाने भरली. त्यानंतर मुलीने ती पाने आमच्यासमोर ठेवली, तेव्हा सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ही सगळी जागा रिकामी होती.

सासूबाईंना मोतीबिंदूमुळे लिहिणे जमत नाही. मुलगी त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, “आजी, दहापासून सांग. मी लिहिते.” सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली ती दिवे लागेपर्यंत.

सव्वादहाला शेवटचा माणूस बाहेर पडला की पायरी सगळ्या घरात एक फेरी मारायची आणि मग त्यांच्यासमोर येऊन बसायची. अकराच्या सुमाराला मासळीवाली मावशी टोपली घेऊन जिना चढायची, तिला पायरी दुसऱ्या मजल्यापर्यंत घ्यायला जायची. मांदेलीच्या वाट्यातली चार मावशी वेगळी काढून ठेवायची. श्रावणात सासूबाई स्वतः मासे खात नसत, पण पायरीसाठी तेवढे घेत आणि वेगळ्या भांड्यात उकडत. हे भांडे आमच्या घरात आहे हेच मला ठाऊक नव्हते. दुपारी एक ते तीन ती त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर झोपायची, डाव्याच, उजव्यावर नाही. तीन वाजता ऊन गॅलरीच्या कोपऱ्यात यायचे. तेव्हा सासूबाई खिडकीची खालची झडप अर्धी उघडत आणि ती बाहेर जायची. चार वाजता, लहानपणी ड्रॉपरने दूध मिळायचे त्याच वेळी, ती आत येऊन त्यांच्या पदराचे टोक तोंडात धरायची. १३ वर्षे हे चालले होते.

“हे गेले तेव्हापासून दुपारी घरात आवाज म्हणून माझाच असायचा. तिला सांगायचे मी सगळं. ती कान इकडे करायची,” असे त्या म्हणाल्या. टाळेबंदीविषयी त्यांनी सांगितले की आम्ही सगळे दिवसभर घरात राहू लागलो तेव्हा त्या दोघींची दुपार मोडली, आणि पायरी कित्येक दिवस पोटमाळ्यावर जाऊन बसे. आम्ही त्या दिवसांना ‘पायरीला किती छान सोबत मिळाली’ असे म्हणत होतो.

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मी जसेच्या तसे नोंदवते, कारण या प्रकरणातले ते सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. “पाणी जास्त पितेय हे मला मे महिन्यातच कळलं होतं. मला वाटलं उकाड्यानं. तुम्ही कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.” मे २०२३, म्हणजे मला दिसण्याच्या पाच महिने आधी. माझ्या वहीत सकाळच्या आणि संध्याकाळच्या नोंदी आहेत. दुपारची एकही नाही. ज्या घरात एक माणूस दिवसाचे सात तास त्या मांजरीबरोबर एकटे असते, तिथे त्याच माणसाला मी एकही प्रश्न विचारला नव्हता. शाळेत एखाद्या मुलाचे प्रकरण घेताना मी त्याला सांभाळणाऱ्या आजीशी आधी बोलते.

दुसरीही एक दुरुस्ती त्यांच्याकडून मिळाली. माझ्या जानेवारी २०२५ च्या सगळ्या नोंदी ‘सुस्त’, ‘कोपऱ्यात’, ‘खेळत नाही’ अशा आहेत. सासूबाई म्हणाल्या, संक्रांतीनंतर सुद्धा त्या वाती वळायला बसल्या की पायरी कापसावर झडप घालायची, एक बोळा घेऊन पळायची आणि पलंगाखाली नेऊन ठेवायची. मुलीने लगेच पलंग सरकवला. भिंतीच्या कडेला कापसाचे अकरा बोळे होते. माझ्या नोंदी खोट्या नव्हत्या. मी घरी येईपर्यंत तिचा चांगला वेळ संपलेला असे, आणि मग मी सुई घेऊन बसत असे.

मला त्या दिवशी उमगले ते असे. आम्ही चौघे एकाच मांजरीसाठी झुरत आहोत, असे मी धरले होते. यजमानांची मांजर पहाटेची होती, मुलीची रात्रीची, माझी शेवटी-शेवटी फक्त सलाईनची, आणि सासूबाईंची दुपारची, जी दिवसातला सर्वांत मोठा भाग होती. एकमेकांच्या पायरीला आम्ही ओळखतच नव्हतो, म्हणून एकमेकांचे दुःखही आम्हाला ओळखू येत नव्हते.

मणी

सोन्याच्या मांजराचा विषय त्यांनीच काढला. तो निवाडा नव्हता. ते शब्द तोंडून गेले याची त्यांना लाज वाटत होती आणि त्याहून मोठी भीती होती. सही सुनेची आहे, तेव्हा जे काही लागेल ते सुनेला लागेल, नातीला लागेल. माझ्याकडे त्या पाहत नव्हत्या, कारण पाहिले की ही भीती मला दिसेल असे त्यांना वाटत होते. चार महिने त्यांनी पदराच्या गाठीत एक सोन्याचा मणी बांधून ठेवला होता, त्यांच्या आईने दिलेल्या माळेतला. “मांजर करण्याएवढं सोनं माझ्याजवळ नाही. आणि काशीला कोण जाणार आता,” असे म्हणून त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला.

मी त्यांना ही समजूत खोटी आहे असे सांगत बसले नाही. माझ्या मते ते सांगण्याची ती वेळ नव्हती, आणि त्या मण्यामागे पापभीरूपणाइतकीच माया होती. आम्ही चौघांनी बसून ठरवले. मणी सराफाकडे मोडला, फार पैसे आले नाहीत, आणि सासूबाईंना घेऊन मी बैलघोडा हॉस्पिटलात ते देणगी म्हणून भरले. पावतीवर कोणाचे नाव लिहायचे असे विचारले तेव्हा सासूबाई “पायरी” म्हणाल्या. नाव सासूबाईंचे लागले, पण ती पावती उलट्या वहीत दुपारी चारच्या नोंदीखाली चिकटवलेली आहे.

सगळे सुरळीत झाले असे नाही. मुलीने शेवटच्या दिवसासाठी एक पान सोडले आहे आणि ते अजून कोरे आहे. मी तिला त्याविषयी विचारत नाही. यजमान पेटी खाली ठेवू देतात, पण तिच्यात काही भरू देत नाहीत. मी वहीची पुढची बाजू आता रोज उघडत नाही, आठवड्यातून एखाद्या वेळी उघडते.

ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी होती म्हणून मी दुपारी घरी होते. श्रावणाची सर येऊन गेली होती, गॅलरी ओली होती. तीन वाजता सासूबाई उठल्या, खिडकीशी गेल्या आणि खालची झडप अर्धी उघडून परत आपल्या जागी येऊन बसल्या, डावा पाय लांब करून. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “बस इथं जरा.” चार वाजेपर्यंत मी तिथे बसून होते.